बिअर आपली आपण ओतून घ्यायच्या पबमध्ये वीस-पंचवीस जणांना जेवायला न्यायचं असेल तर

अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत आता असे पब दिसतात जिथे बिअर टेबलावर आणून द्यायला कुणी नसतं. भिंतीवर ओळीने तीस-चाळीस नळ असतात. मनगटाला पट्टा बांधायचा, तो नळाच्या वरच्या पडद्याला दाखवायचा आणि हवी तेवढी बिअर आपल्या हाताने ग्लासात घ्यायची. पैसे औंसाच्या हिशोबाने (एक औंस म्हणजे साधारण ३० मिली). मंडळाचे गणपतीतले स्वयंसेवक, ऑफिसची टीम, कॉलेजचा जुना ग्रुप अशा मोठ्या घोळक्याला ही जागा चांगली मानवते, कारण कुणाला चार वेगवेगळ्या बिअर चाखायच्या असतात, कुणाला एकच ग्लास पुरतो, कुणी घेतच नाही, आणि तरी कुणाचा हिशोब कुणाच्या माथी बसत नाही.

हे पब मला मनापासून आवडतात. पण तिथे गेलेल्या मोठ्या ग्रुपचं जेवण फसताना मी बऱ्याचदा पाहिलं आहे, आणि फसतं ते एकाच पद्धतीने. सगळे आल्याआल्या नळांपाशी जातात, खायचं काय मागवायचं हा विषय अर्ध्या-पाऊण तासाने निघतो, मग स्वयंपाकघरातून यायला आणखी तेवढाच वेळ. तोवर पिणाऱ्यांच्या रिकाम्या पोटात बिअर गेलेली असते आणि न पिणारे पाण्याचा ग्लास घेऊन बसलेले असतात. नेहमीच्या हॉटेलात वेटर दहा मिनिटांनी येऊन आठवण करतो. इथे ते काम करायला कुणी नाही. ते आयोजकाने अंगावर घ्यायचं. बिअरची व्यवस्था नळ आणि पट्टा बघून घेतात, तुम्ही जेवण बघा आणि न पिणाऱ्यांना बघा. पुढचं सगळं त्याच बेताने लिहिलं आहे.

तारीख आणि वेळ

आपल्या ग्रुपसाठी आधी कॅलेंडर पाहा. श्रावणात निम्मे लोक मांसाहार आणि दारू दोन्ही बंद ठेवतात. चतुर्थी, एकादशी, गुरुवार पाळणारेही असतात. आषाढातला शेवटचा शनिवार किंवा दिवाळीनंतरचे आठवडे बरे पडतात. वेळ शक्यतो दुपारी दोन-तीनची घ्या. शुक्रवार-शनिवारी रात्री नळांपुढे रांगा लागतात आणि पंचवीस जणांना एकत्र बसायला जागा मिळणं कठीण. अमेरिकन फुटबॉलचा मोठा सामना असलेला दिवस तर टाळाच, कारण पडद्यांवर तो लावलेला असतो आणि शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

फोनवर काय विचारायचं

वेबसाइटवरून आरक्षण करून थांबू नका, फोन करा. विचारायच्या गोष्टी थोड्याच आहेत, पण प्रत्येकीवर संध्याकाळ अवलंबून असते.

पहिली: स्वयंपाकघर त्यांचं स्वतःचं आहे की बाहेर फूड ट्रक उभा असतो? ट्रक असेल तर त्या दिवशी कोणता येणार आणि तो पंचवीस जणांची ऑर्डर एकदम घेईल का. काही ठिकाणी बाहेरचं खाणं आणायला परवानगी असते. ती मिळाली तर जवळच्या भारतीय हॉटेलातून समोसे-पकोड्यांचे दोन ट्रे मागवून अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

दुसरी: मुलांचं काय? हे राज्यागणिक आणि पबागणिक बदलतं. कुठे मुलं चालतात, कुठे संध्याकाळी ठराविक वेळेनंतर चालत नाहीत, कुठे २१ वर्षांखालच्या कुणालाच आत घेत नाहीत. दोन कुटुंबं मुलांसह दारातून परत गेली तर बाकीच्यांचाही जीव रमत नाही.

तिसरी: मोठ्या ग्रुपला किमान खर्चाची अट आहे का, आगाऊ रक्कम किती, आणि बिलात टिप आपोआप लावली जाते का. शेवटची: बसायची जागा नळांपासून किती लांब आहे. लांबचं टेबल मागा. नळाजवळच्या टेबलाला येणाऱ्या-जाणाऱ्यांचे धक्के लागत राहतात, आणि वयस्कर मंडळी असतील तर उंच स्टुलांची जागा नको म्हणून स्पष्ट सांगा.

कोण काय खातं ते आधी लिहून काढा

‘व्हेज की नॉनव्हेज’ एवढं विचारून आपल्या लोकांचं भागत नाही. कुणी चिकन खातं पण बीफ नाही, कुणी अंडं खातं पण मांस नाही, कुणी जैन आहे, कुणी माशांवर थांबतं, कुणाला शेंगदाणे किंवा ग्लुटेन वर्ज्य. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर चार दिवस आधी यादी मागवा आणि गप्प राहिलेल्यांना एकेकट्याला विचारा. लाजेपोटी न बोललेला माणूसच ऐनवेळी उपाशी राहतो.

मग पबचा मेन्यू घेऊन एकदा शांतपणे वाचा. अमेरिकन पबच्या खाण्यात लपलेले घटक बरेच असतात. नाचोजवर बहुतेक वेळा बीफचा खिमा किंवा बीफ चिली असते, ती काढून मागता येते. पेपरोनी डुकराच्या आणि बीफच्या मांसाची असते. मेक्सिकन धाटणीच्या शिजवून घोटलेल्या राजम्यात डुकराची चरबी असू शकते. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही मासे असतात, वुस्टरशर सॉसमध्येही. टोमॅटो सूप चिकनच्या पाण्यात केलेलं असू शकतं. आणि फ्राईज: बटाट्याचेच, पण चिकन विंग्ज तळलेल्याच तेलात तळलेले. कडक शाकाहारी माणसाला हे चालणार नाही, तेव्हा फ्रायर वेगळा आहे का हे फोनवरच विचारून ठेवा. पार्मेजान चीज पारंपरिक पद्धतीने वासराच्या जठरातल्या एन्झाइमने बनवतात. जैन मंडळींना हे आधी सांगणं आपलं काम.

बिअरमध्येही एक गोष्ट बघण्यासारखी आहे. काही पारंपरिक ब्रिटिश धाटणीच्या एल (बिअरचा एक प्रकार) नितळ करण्यासाठी माशाच्या वाताशयापासून केलेला आयसिंग्लास वापरतात. मिल्क स्टाउट या काळ्या बिअरमध्ये दुधातली साखर, लॅक्टोज, घालतात, म्हणजे दूध न पचणाऱ्यांनी ती टाळावी. बाकी बहुतेक बिअर जव किंवा गहू, हॉप्स (कडवटपणा आणणारी फुलं), यीस्ट आणि पाणी यांचीच.

ऑर्डर: पहिला ग्लास भरायच्या आधी

पंचवीस जणांनी आपापल्या फोनवरून क्यूआर कोड स्कॅन करून पंचवीस ऑर्डरी दिल्या की स्वयंपाकघर त्या आल्या क्रमाने बनवतं. कुणाचं आधी येतं, कुणाचं पाऊण तासाने. एकत्र जेवायला आलो आणि एकेकट्याने जेवलो असं होतं. म्हणून वाटून खायचे पदार्थ मागवा आणि ऑर्डर एकाच माणसाने द्या.

मी ती दोन टप्प्यांत देतो. पहिला टप्पा फोनवरच, आदल्या दिवशी: लोक पोचतील तेव्हा टेबलावर चखणा तयार हवा. प्रेट्झेल आणि चीज डिप, फ्राईज, चिप्स-ग्वाकामोली, तळलेले ब्रसेल्स स्प्राउट्स, विंग्ज. सहा जणांमागे दोन शाकाहारी आणि एक मांसाहारी प्लेट असं गणित धरा. दुसरा टप्पा, म्हणजे जेवण, सगळे आल्यावर अर्ध्या तासाच्या आत सांगायचं, बिअरची दुसरी फेरी सुरू व्हायच्या आधी.

पिझ्झा असेल तर हिशोब सोपा. १६ इंची पिझ्झ्याचे सहसा ८ तुकडे होतात. चखणा भरपूर असेल तर माणशी दोन तुकडे, नसेल तर तीन. २४ जणांना दोन तुकड्यांच्या हिशोबाने ६ पिझ्झे, तीनच्या हिशोबाने ९. यातले निम्म्याहून जास्त शाकाहारी मागवा, ग्रुपमध्ये शाकाहारी एक तृतीयांशच असले तरी. मांसाहारी मंडळी मशरूम-पनीरच्या तुकड्यालाही हात घालतात, उलट होत नाही; आणि नळापाशी गेलेला शाकाहारी माणूस परत येईपर्यंत त्याचा पिझ्झा संपलेला असतो. शाकाहारी पदार्थ टेबलाच्या एका टोकाला ठेवा, पहिला हात शाकाहाऱ्यांना लावू द्या, मग बाकीच्यांना. जैन किंवा ॲलर्जी असलेल्यांचं ताट मात्र वेगळं, नावानिशी मागवा.

दारात

अमेरिकेत दारूसाठी वयाची अट २१ आहे. १९८४ च्या केंद्रीय कायद्यानंतर सगळ्या राज्यांनी ती स्वीकारली. पांढऱ्या केसांच्या माणसालाही ओळखपत्र विचारतात, त्यात अपमान मानायचं काही नाही. भारतातून आलेल्या आई-बाबांना किंवा सासू-सासऱ्यांना नेत असाल तर त्यांचा मूळ पासपोर्ट सोबत घ्या. फोनमधला फोटो, आधार कार्ड किंवा भारतातलं लायसन्स बहुतेक ठिकाणी चालत नाही, आणि पट्टा फक्त ओळखपत्र पाहूनच देतात.

पट्टा किंवा कार्ड प्रत्येकाचं स्वतःचं, ज्याच्या त्याच्या क्रेडिट कार्डाशी जोडलेलं. एकाच्या पट्ट्यावर दुसऱ्याला बिअर काढून द्यायला मनाई असते आणि कर्मचारी त्याकडे लक्ष ठेवून असतात. यजमान म्हणून सगळ्यांचा खर्च तुम्हीच करणार असाल तर काउंटरवर तसं सांगा: सगळे पट्टे तुमच्या एका खात्याला जोडता येतात आणि बऱ्याच ठिकाणी पट्ट्यामागे रकमेची मर्यादाही घालता येते. ती घालून घ्या, म्हणजे शेवटी आकड्याची चिंता राहत नाही.

खर्चाचा अंदाज असा काढा. औंसाला साधारण अर्धा डॉलर ते एक डॉलर भाव असतो. १६ पिणारे, प्रत्येकी २४ औंस, सरासरी ६५ सेंट धरले तर ३८४ औंसांचे जवळपास २५० डॉलर होतात, कर आणि टिप वेगळी.

ग्लास भरायची रीत

हे नवख्यांना सुरुवातीलाच पाच मिनिटं दाखवा, कारण नळातून गेलेला प्रत्येक औंस मोजला जातो, फेससुद्धा.

आधी रिकामा ग्लास जवळच्या धुण्याच्या जाळीवर उलटा दाबा. आतून पाण्याचा फवारा उडतो. ओल्या, गार ग्लासात फेस कमी येतो. पट्टा पडद्याला लावा, बिअरचं नाव, अल्कोहोलचं प्रमाण आणि औंसाचा भाव दिसेल. आता ग्लास ४५ अंशांत तिरका धरा, तोटी ग्लासाच्या आतल्या बाजूच्या जवळ, पण काचेला न टेकवता. नळाचा दांडा एका झटक्यात पूर्ण पुढे ओढा. इथेच बहुतेक जण बिचकतात आणि दांडा अर्धवट उघडतात. अर्धवट उघडलेल्या नळात बिअर अरुंद फटीतून जोराने घुसते, तिच्यातला कार्बन डायऑक्साइड तिथेच सुटतो आणि ग्लासभर फेस होतो. ग्लास निम्म्याहून जास्त भरला की हळूहळू सरळ करा, शेवटचा भाग मधोमध पडू द्या, वर दोन बोटं फेस येईल. दांडा पटकन मागे, पूर्ण बंद. तोटी बिअरमध्ये कधीही बुडवायची नाही. तुमच्या ग्लासातलं पुढच्याच्या ग्लासात जातं.

नळ नुसताच फुसफुसला आणि फेसच येत राहिला तर पिंप संपलेलं असतं. लगेच बंद करा आणि कर्मचाऱ्याला बोलवा, सांगितलं तर तेवढी रक्कम वजा करून देतात. नायट्रो लिहिलेल्या स्टाउटचं तंत्र निराळं. त्यात नायट्रोजन असतो. ग्लास भरल्यावर करडे लोट खाली उतरताना दिसतात, ते थांबेपर्यंत मिनिटभर ग्लास तसाच ठेवायचा. तोवर काळ्या बिअरवर साईसारखा दाट थर बसतो. आणि पट्ट्याऐवजी खाचेत घालायचं कार्ड असेल तर ते काढून घ्यायला विसरू नका, नाहीतर पुढच्या माणसाची बिअर तुमच्या नावावर चढेल.

एकदम ग्लास भरायची घाई नको. या पबची खरी मजा दोन-तीन औंस घेऊन चाखण्यात आहे. अमेरिकन पिंट १६ औंसांचा, ४७३ मिली. भारतातली मोठी ६५० मिलीची बाटली २२ औंसांची होते. पाच वेगवेगळ्या बिअर तीन-तीन औंस घेतल्या तरी पिंटभर होत नाही.

काय घ्यावं, कशाबरोबर

हलक्याकडून जडाकडे जा. पिल्सनर किंवा कोल्श या फिकट, हलक्या बिअरने सुरुवात, मग गव्हाची हेफेवायझन, मग तांबूस अंबर, त्यानंतर हॉप्स जास्त असलेली आयपीए, शेवटी काळ्या पोर्टर-स्टाउट. सुरुवातीलाच कडू आयपीए घेतली तर जीभ बधिर होते आणि पिल्सनर पाण्यासारखी लागते. पहिल्यांदा बिअर चाखणाऱ्याला मी हेफेवायझन देतो. तिच्या यीस्टमुळे केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, तो आपल्या नाकाला ओळखीचा असतो आणि कडवटपणा जवळजवळ नसतो.

तिखट खाण्याबरोबर आयपीए घेऊ नका, हे मी आग्रहाने सांगेन. हॉप्सचा कडवटपणा आणि अल्कोहोल दोन्ही मिरचीचा जाळ वाढवतात. बफेलो विंग्ज (तिखट सॉसमधले चिकन विंग्ज), हॅलपिनो पॉपर (चीज भरलेल्या मिरच्या), समोसा-चटणी यांच्याबरोबर गव्हाची बिअर किंवा अंबर घ्या, तिच्यातला माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, गोडवा जीभ शांत करतो. तळलेल्या पदार्थांवर पिल्सनर किंवा गोझे ही आंबट बिअर, तोंडातला तेलकटपणा धुऊन निघतो. ब्राउनी मागवली असेल तर स्टाउट हवीच.

अल्कोहोलचा आकडा मात्र दर वेळी वाचा. १२ औंस ५ टक्क्यांची बिअर म्हणजे अमेरिकेत एक प्रमाण पेय, १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. १० टक्क्यांची इम्पीरियल स्टाउट असेल तर तेवढंच अल्कोहोल ६ औंसांत येतं. बऱ्याच ठिकाणी ३२ औंस झाले की पट्टा बंद पडतो आणि कर्मचाऱ्याने तुम्हाला पाहिल्याशिवाय पुन्हा चालू होत नाही. पण ते ३२ औंस ५ टक्क्यांचे असतील तर पावणेतीन पेयांच्या आसपास, १० टक्क्यांचे असतील तर पाचाच्या वर. तेव्हा ‘माझा पट्टा अजून चालू आहे’ यावर विसंबू नका.

न पिणारे, मुलं, आई-बाबा

यांच्यासाठी पहिल्या दहा मिनिटांतच पेय टेबलावर आणा. रूट बीअरमध्ये अल्कोहोल नसतं, मुलांना ती आवडते. कोल्ड ब्रू कॉफीही अनेक ठिकाणी नळावर असते. दोन गोष्टींची काळजी घ्या. या पबमधली सायडर बहुधा आंबवलेली, दारूच असते; दुकानातल्या सफरचंदाच्या रसाशी तिचा घोळ होऊ देऊ नका. आणि कोंबुचा या आंबवलेल्या चहात किंचित अल्कोहोल असतंच, साध्यात अर्ध्या टक्क्याहून कमी, हार्डमध्ये बिअरइतकं. अल्कोहोलविरहित म्हणून विकल्या जाणाऱ्या बिअरलाही अर्ध्या टक्क्यापर्यंत मुभा आहे. एखाद्या काकूंना थेंबभरही नको असेल तर लिंबू-सोडा मागवा.

बसवताना पिणारे एकीकडे, न पिणारे दुसरीकडे अशी फाळणी करू नका. मिसळून बसवा. जो नळाकडे जाईल त्याने न पिणाऱ्या शेजाऱ्याला ‘तुमच्यासाठी काय आणू?’ असं विचारून जावं, मग ते साधं पाणी का असेना. न पिणाऱ्याला ‘एक घोट तरी घ्या’ असा आग्रह कुणी करू लागलं तर आयोजकाने तिथल्या तिथे थांबवावं. जेवणाचा आग्रह हवा तेवढा करा.

घरी कसं जायचं

गाडी कोण चालवणार हे निमंत्रणातच ठरवा, पबमध्ये नव्हे. चालकाने पट्टा घेऊच नये. बहुतेक राज्यांत रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ टक्के, युटामध्ये २०१८ च्या अखेरीपासून ०.०५. शरीर तासाला अंदाजे एक प्रमाण पेय जिरवतं. कॉफी, पाणी किंवा पिझ्झ्याने तो वेग वाढत नाही. एच-१बी, एल-१, विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसावर असलेल्यांना हे ठासून सांगा: दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली तरी अमेरिकेचं परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं, न्यायालयाच्या निकालाची वाट पाहिली जाईलच असं नाही. चालक पुरेसे नसतील तर येतानाच टॅक्सीने या, म्हणजे रात्री गाडी तिथे सोडायची की नाही हा वादच उरत नाही.

बिल आणि टिप

पट्टा परत करताना प्रत्येकाने आपलं बिअरचं बिल तिथेच बंद करावं. जाण्याआधी काउंटरवर विचारा की ग्रुपमधलं एखादं खातं उघडं राहिलंय का. उघडं राहिलं तर अनेक ठिकाणी रात्री आपोआप टिप लावून ते बंद करतात.

जेवणाचं बिल एकाने भरावं. मोठ्या ग्रुपला बऱ्याचदा १८ किंवा २० टक्के सेवाशुल्क आधीच लावलेलं असतं, ती ओळ पाहूनच पुढची टिप लिहा. लावलेलं नसेल तर जेवणावर २० टक्के द्या. बिअर आपणच ओतली मग टिप कशाला, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. पिंप बदलणं, नळांच्या नळ्या धुणं, पंचवीस जणांचे ग्लास उचलणं, टेबल पुसणं हे कुणीतरी करतंच. केंद्रीय कायद्यानुसार टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचं किमान वेतन १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरच आहे. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टनसारख्या काही राज्यांत मालकाला पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं, पण सगळीकडे नाही. बिअरवरही निदान १० ते १५ टक्के द्यावेत.

उरलेला पिझ्झा डब्यांत भरताना शाकाहारी आणि मांसाहारी वेगळा भरा, डब्यावर पेनाने लिहा. जेवणाचा हिशोब दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, पावतीच्या फोटोसह, ग्रुपवर टाका. वाटणी करताना मुलांची अर्धी धरा आणि जे फक्त चखण्यापुरते थांबून गेले त्यांच्याकडून पूर्ण जेवणाचे पैसे घेऊ नका.